फ्रिजचा कॉम्प्रेसर खरेच जळाला आहे का?

फ्रिजचे दार उघडले की दिवा लागतो, पण दूध नासलेले असते आणि मागून येणारी नेहमीची घरघर बंद पडलेली असते. अशा वेळी घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो: कॉम्प्रेसर गेला का?

कॉम्प्रेसर हा फ्रिजमधला सर्वांत महाग भाग आहे. त्याच्या कुशीला बसवलेले रिले आणि ओव्हरलोड हे सुटे भाग त्या मानाने अगदी स्वस्त. तरी या तिघांपैकी कोणताही बिघडला की बाहेरून लक्षण एकच दिसते: फ्रिज थंड होत नाही. त्यामुळे वीस मिनिटांच्या तपासणीत सुटणारा प्रश्न कित्येकदा हजारो रुपयांच्या खर्चावर जातो. कॉम्प्रेसरच्या मोटरचे बहुतेक विद्युत दोष साध्या मल्टिमीटरने ओळखता येतात. फक्त तपासणी बाहेरून आत, ठरलेल्या क्रमाने करावी लागते.

1. बंद घुमटातली मोटर

फ्रिजच्या मागे तळाशी काळ्या रंगाचा पोलादी घुमट असतो. त्यात विजेची मोटर आणि वायू दाबणारा पंप एकाच दांड्यावर बसवून घुमट वेल्ड करून कायमचा बंद केलेला असतो. घरगुती फ्रिजमध्ये ही रचना रुळवण्यात अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने 1927 साली आणलेल्या ‘मॉनिटर टॉप’ फ्रिजचा मोठा वाटा होता. भारतात गोदरेजने 1958 साली देशी बनावटीचा पहिला फ्रिज बाजारात आणला, तोवर ही पद्धत सर्वमान्य झालेली होती.

घुमट बंद असल्याने दांड्याच्या फटीतून गॅस गळण्याचा प्रश्न उरत नाही. पंपाकडे परतणारा थंड गॅस मोटरच्या अंगावरून जातो आणि तिला गारही ठेवतो. याची किंमत अशी की मोटर डोळ्यांनी पाहता येत नाही. आतल्या मोटरची खबर बाहेर आणणाऱ्या तीनच पिना घुमटाच्या कुशीतून, काचेच्या वेष्टणातून बाहेर आलेल्या असतात. सगळे निदान या तीन पिनांवर चालते.

2. दोन वाइंडिंग कशासाठी?

घरातला वीजपुरवठा सिंगल फेज, 230 व्होल्टचा असतो. त्याचा प्रवाह सेकंदाला 50 आवर्तने करतो, म्हणजे पुढे-मागे होत राहतो. अशा प्रवाहावर तांब्याच्या तारेचे एकच वाइंडिंग ठेवले तर त्याचे चुंबकीय क्षेत्र एकाच रेषेत कमी-जास्त होत राहते, गोल फिरत नाही. थांबलेल्या रोटरला दोन्ही दिशांना सारखाच रेटा बसतो. मोटर जागच्या जागी गुंगुं करते आणि तापत जाते.

पायाने चालवायच्या शिलाई मशीनची अशीच अडचण असते. नुसती पायपट्टी दाबली तर चाक अडून बसते किंवा उलटे फिरते. म्हणून शिवणारी बाई आधी हाताने चाकाला योग्य दिशेने झटका देते. एकदा चाक फिरू लागले की हात काढून घेतला तरी चालतो, पुढचे काम पाय करतात. कॉम्प्रेसरच्या मोटरमध्ये पायाचे काम ‘रनिंग’ वाइंडिंग करते आणि हाताचे ‘स्टार्टिंग’ वाइंडिंग.

स्टार्टिंग वाइंडिंगची तार बारीक असते, म्हणून तिचा रोध जास्त असतो. त्यामुळे तिच्यातला प्रवाह रनिंग वाइंडिंगमधल्या प्रवाहापेक्षा थोडा पुढे-मागे होतो आणि दोन्ही मिळून फिरते चुंबकीय क्षेत्र तयार करतात. फिरत्या क्षेत्राची ही कल्पना 1888 साली इटलीत गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी स्वतंत्रपणे जगापुढे मांडली. फ्रिजमधली लहानशी मोटर आजही त्यावरच चालते.

बारीक तारेमुळेच स्टार्टिंग वाइंडिंग फार वेळ प्रवाह सोसू शकत नाही. सेकंदभरात त्याला बाजूला काढावे लागते. ते काम रिलेचे.

3. रिले आणि ओव्हरलोड

जुन्या फ्रिजमध्ये चुंबकी रिले असतो. त्याची कॉइल रनिंग वाइंडिंगच्या वाटेत जोडलेली असते. मोटर थांबलेली असताना ती चालू स्थितीच्या पाच ते आठ पट प्रवाह ओढते. त्या जोरावर रिलेमधला लोखंडी तुकडा वर उचलला जातो आणि स्टार्टिंग वाइंडिंगला वीज मिळते. मोटरने वेग घेतला की प्रवाह उतरतो, तुकडा आपल्या वजनाने खाली पडतो आणि स्टार्टिंगची वाट तुटते. हा रिले उलटा किंवा आडवा बसवला तर तुकडा खाली पडणारच नाही, म्हणून त्याची वरची बाजू वरच राहायला हवी.

अलीकडच्या फ्रिजमध्ये पीटीसी रिले असतो. त्यात हलणारा भाग नाही, चिनी मातीसारख्या पदार्थाची एक चकती असते. चकती गार असताना तिचा रोध साधारण 10 ते 50 ओहमच्या दरम्यान असतो, म्हणून प्रवाह सहज जातो. प्रवाहाने ती काही क्षणांत तापते आणि तिचा रोध एकदम हजारो ओहमवर चढतो. स्टार्टिंगची वाट जवळजवळ बंद होते. मोटर चालू असेपर्यंत चकती तापलेलीच राहते.

वीज जाऊन लगेच परत आली की फ्रिज चालू होत नाही, याचे एक कारण इथे आहे. चकती अजून गरमच असल्याने स्टार्टिंग वाइंडिंगला वीज मिळत नाही. शिवाय नळ्यांमधला गॅसचा दाब समतोल व्हायचा असतो. दोन्हींना तीन ते पाच मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात मोटर अडून बसली तर तो बिघाड नव्हे.

अडून बसलेल्या मोटरला वाचवतो तो ओव्हरलोड. मेकॅनिक याला ओएलपी म्हणतात. दोन वेगळ्या धातूंची पातळ चकती आणि तिला टेकलेले संपर्क, एवढाच तो असतो. दोन्ही धातू तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, चकती ‘टिक’ आवाज करून उलटी वळते आणि वीज तुटते. गार झाल्यावर ती पूर्ववत होते आणि मोटर पुन्हा प्रयत्न करते.

4. आवाज काय सांगतो

मीटर हातात घेण्यापूर्वी पाच मिनिटे फ्रिजजवळ उभे राहून ऐकावे. इतकी माहिती फुकटात दुसरीकडे मिळत नाही.

काहीच आवाज नसेल तर वीज कॉम्प्रेसरपर्यंत पोचतच नसावी. दोष प्लग, वायर, थर्मोस्टॅट किंवा ओव्हरलोडमध्ये शोधावा. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवण्याचा टाइमर त्याच अवस्थेत अडकला तरीही कॉम्प्रेसर गप्प राहतो. काही सेकंद गुंगुं, मग ‘टिक’, मग शांतता, आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच, असे चक्र चालू असेल तर रनिंग वाइंडिंगला वीज मिळते आहे पण मोटर उचलत नाही. इथे संशयित चार: रिले, स्टार्टिंग वाइंडिंग, कमी व्होल्टेज आणि आतून जाम झालेला पंप. फ्रिज लावताक्षणी एमसीबी पडत असेल तर थेट शॉर्ट आहे.

मोटर नीट चालते पण गारवा नाही, तर दोष बहुधा विजेचा नाही. गॅस गळला असेल किंवा पंपाच्या झडपा गेल्या असतील. क्लॅम्प मीटरने चालू प्रवाह मोजला आणि तो पाटीवर लिहिलेल्या आकड्याहून बराच कमी आला, तर गॅसकडे लक्ष द्यावे. मोटरला दाबायला पुरेसा गॅस नाही म्हणून ती हलकी चालते आहे.

5. व्होल्टेज आधी मोजावे

रोग मोटरच्या बाहेर, थेट भिंतीत असू शकतो. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. 230 ऐवजी 161 व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज 70 टक्के झाले, पण जोर 0.7 गुणिले 0.7, म्हणजे 49 टक्केच उरला. व्होल्टेज तीस टक्क्यांनी घटले आणि ताकद निम्मी झाली. शेतीपंप सुरू होताच ज्या गावांत दिवे मंदावतात, तिथे फ्रिज त्याच वेळी ‘टिक-टिक’ करू लागतो, याचा उलगडा या गुणाकारात आहे.

मोजणीची वेळ महत्त्वाची. मोटर बंद असताना सॉकेटवर 225 व्होल्ट दिसतात आणि सगळे ठीक वाटते. मोटर उचलण्याचा प्रयत्न करते त्या क्षणी आकडा 180च्या खाली घसरला, तर सैल सॉकेट, जळकी पिन किंवा लांबवर ओढलेली बारीक वायर दोषी आहे. अशा घरात नवा कॉम्प्रेसर बसवला तरी तोही तसाच अडेल.

6. तीन पिना, तीन आकडे

आता मोटरकडे. प्लग सॉकेटमधून पूर्ण काढावा, नुसते बटन बंद करून भागत नाही. कपॅसिटर असेल तर तो रोधकातून रिकामा करून घ्यावा, कारण त्यात साठलेली वीज प्लग काढल्यावरही झटका देऊ शकते. मग पिनांवरचे झाकण, रिले आणि ओव्हरलोड उतरवावेत.

ओव्हरलोडच्या दोन टोकांवर मीटरने जवळजवळ शून्य ओहम दाखवायला हवे. गार झाल्यावरही तो काहीच दाखवत नसेल तर ओव्हरलोड गेला. पीटीसी रिले हातात घेऊन कानाजवळ हलवावा. आत खुळखुळ वाजले तर चकती फुटलेली आहे, पुढे मोजण्याची गरज नाही. वाजत नसला तरी गार असताना त्याचा रोध मोजावाच. चुंबकी रिलेचे संपर्क जळून खडबडीत झाले की मोटर उचलत नाही. तेच संपर्क एकमेकांना चिकटले तर स्टार्टिंग वाइंडिंग वाटेतून बाहेरच पडत नाही आणि जळते. अशा वेळी मोटरच्या मृत्यूचे मूळ कारण रिले असतो, म्हणून नव्या कॉम्प्रेसरबरोबर रिलेही नवाच घ्यावा.

आता तीन पिना मोजायच्या. एक पिन दोन्ही वाइंडिंगना सामाईक असते, तिला ‘कॉमन’ किंवा सी म्हणतात. दुसरी रनिंगची आर, तिसरी स्टार्टिंगची एस. पिनांना तात्पुरते 1, 2, 3 असे क्रमांक देऊन प्रत्येक जोडीतला रोध ओहममध्ये मोजावा. समजा असे आकडे आले:

1 आणि 2 मध्ये 42
2 आणि 3 मध्ये 15
1 आणि 3 मध्ये 27

सर्वांत मोठा आकडा नेहमी आर आणि एस यांच्यात येतो, कारण तिथे दोन्ही वाइंडिंग एकामागोमाग मोजली जातात. म्हणजे 1 आणि 2 या आर-एस आहेत आणि उरलेली 3 ही कॉमन. कॉमनपासून कमी रोध रनिंगचा, म्हणून 2 ही आर आणि 1 ही एस. ताळा पाहावा: 15 अधिक 27 बरोबर 42. वाइंडिंग अखंड आहेत. हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्यक्षातले मॉडेलप्रमाणे बदलतात, पण बेरजेचा नियम बदलत नाही.

चौकस वाचक इथे अडखळेल. 230 व्होल्टला 15 ओहमने भागले तर 15 अँपिअरहून जास्त प्रवाह येतो, पण लहान फ्रिज चालताना साधारण एक अँपिअर किंवा त्याहूनही कमी घेतो. कारण मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. पुढे-मागे होणाऱ्या प्रवाहाला वेटोळ्यांमुळे वेगळा विरोध होतो, आणि फिरणारा रोटर त्यात भर घालतो. रोटर थांबला की ही भर नाहीशी होते, म्हणूनच अडलेली मोटर कित्येक अँपिअर ओढते.

दोषी मोटरचे आकडे असे बोलतात. 2 आणि 3 मध्ये 15 आले, पण 1 चा कोणाशीही संबंध लागत नाही, तर स्टार्टिंग वाइंडिंग तुटले. सी पासून दोन्हीकडे काहीच नाही, मात्र आर-एस मध्ये 42 व्यवस्थित आले, तर घाई करू नये. काही कॉम्प्रेसरमध्ये ओव्हरलोड घुमटाच्या आत, कॉमनच्या वाटेत बसवलेला असतो. घुमट तापलेला असेल तर तो गार व्हायला तास-दोन तास लागू शकतात. गार झाल्यावर तीनही आकडे परतले तर मोटर जिवंत आहे. या एका घाईपायी चांगले कॉम्प्रेसर बदलले जातात.

सर्वांत फसवा दोष वेढ्यांमधल्या शॉर्टचा. तारेवरचे आवरण जळून एकाच वाइंडिंगचे शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात. समजा रनिंगचे 15 घसरून 6 झाले. आर-एस आता 33 येईल, आणि 6 अधिक 27 बरोबर 33. ताळा जमतो, तरी मोटर खराब आहे! म्हणून नुसती बेरीज पाहून थांबू नये. कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेल्या आकड्यांशी तुलना करावी. दोन वाइंडिंग एकमेकांत मिसळली असतील तर मात्र बेरीजच चुकते.

तुलनेत तापमानाचे भान हवे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. 25 अंशांवर 15 ओहम दाखवणारे वाइंडिंग 80 अंशांवर 18 च्या आसपास दाखवेल. तो दोष नाही.

अनेक मेकॅनिक मीटरऐवजी सीरिज बल्ब वापरतात. 100 वॉटच्या पेटलेल्या बल्बचा स्वतःचा रोध 500 ओहमहून जास्त असतो. त्याच्या मागे 15 ओहम असोत की 6, उजेडातला फरक डोळ्याला कळत नाही. तार तुटली आहे का, एवढे तो सांगतो. वेढ्यांचा शॉर्ट तो दाखवू शकत नाही. नुसता बल्ब पाहून कॉम्प्रेसर बदलायला सांगणारा सल्ला मान्य करू नये.

7. बॉडीला करंट

फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर फ्रिज तत्काळ बंद करावा. प्रत्येक पिन आणि घुमटाची तांब्याची नळी यांच्यात मीटरने कोणताही संबंध दाखवता कामा नये. नळीच्या जागी घुमटाला टोक लावायचे असेल तर रंग खरवडून उघडा धातू गाठावा, नाहीतर रंगाचा थरच मोजला जातो.

मल्टिमीटर थोड्या व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, त्यामुळे कमजोर पण अजून न फुटलेले आवरण त्याला सापडत नाही. खरी परीक्षा 500 व्होल्ट देऊन आवरणाचा रोध मोजणाऱ्या मेगरची. चांगल्या मोटरमध्ये मेगर दहा मेगाओहमहून कितीतरी जास्त आकडा सहज दाखवतो. आकडा एका मेगाओहमच्या खाली आला तर ती मोटर वापरू नये. नळ्यांमधली हवा ओढून निर्वात केलेली असताना मात्र मेगर कधीच लावू नये. निर्वातात पिनांमध्ये ठिणगी उडून चांगले वाइंडिंग जळू शकते.

दोष दरवेळी मोटरचाच असतो असे नाही. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमधल्या बर्फ वितळवणाऱ्या हीटरमध्ये पाणी शिरले तरी बॉडीला करंट येतो. कॉम्प्रेसरच्या वायरी सोडवूनही गळती कायम राहिली तर हीटरकडे वळावे. कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत पिना आणि जोडण्या गंजतात, त्या घासून कोरड्या करणे हाही उपचारच आहे. घरात चांगले अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी असेल तर असा दोष माणसाला झटका देण्याआधी वीज तुटते.

8. सगळे ठीक, तरी मोटर उचलत नाही

तीनही आकडे जुळले, मेगर चांगला, रिले आणि ओव्हरलोड नवे, व्होल्टेज पुरेसे, आणि तरीही गुंगुं करून ‘टिक’. मग पंप आतून जाम झालेला आहे. दोष यंत्राचा असला तरी घुमट बंद असल्याने उपाय एकच, कॉम्प्रेसर बदलणे.

वाइंडिंग जळाले असेल तर बदलताना आणखी एक काम टाळू नये. जळक्या आवरणामुळे तेल काळे, उग्र वासाचे आणि आम्लयुक्त होते, आणि ते नळ्यांमध्ये पसरते. नळ्या धुऊन, ओलावा शोषणारा ड्रायर नवा बसवल्याशिवाय गॅस भरला तर तेच आम्ल नव्या मोटरचे आवरण खाते.

9. इन्व्हर्टर फ्रिजचा वेगळा हिशेब

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला वरचा बेरजेचा नियम लागू नाही. त्यात तीन सारखी वाइंडिंग असतात, म्हणून तीनही जोड्यांत जवळजवळ एकच आकडा यायला हवा. एक जरी वेगळा आला तरी मोटर दोषी. तीनही सारखे असतील तर संशय तिला चालवणाऱ्या बोर्डावर घ्यावा. या मोटरला घरची 230 व्होल्टची वीज थेट कधीही देऊ नये, आणि प्लग काढल्यावरही बोर्डाला काही मिनिटे हात लावू नये.

10. हात कुठे आखडावा

पाटीवर आर-600ए लिहिलेले असेल तर नळ्यांमधला गॅस आयसोब्युटेन आहे. तो स्वयंपाकाच्या गॅसइतकाच ज्वलनशील असतो. मात्रा काही डझन ग्रॅमच असली तरी बंद खोलीत गळती आणि ठिणगी एकत्र आली तर आग लागते. पिनांवरचे झाकण काढलेले असताना कोणत्याही फ्रिजला वीज देऊ नये. आतल्या शॉर्टने पिन उडून गरम तेल आणि गॅस अंगावर येऊ शकतात. तीन वायरी जोडून कॉम्प्रेसर ‘डायरेक्ट’ चालवून पाहणे हे प्रशिक्षित मेकॅनिकचे काम आहे, घरात करून पाहण्याचे नाही.

घरच्या माणसाने ऐकावे, व्होल्टेज पाहावे, आणि कॉम्प्रेसर बदलण्याचा सल्ला मिळाला की तीन पिनांचे आकडे मीटरवर दाखवायला सांगावे. ते आकडे बिलावर लिहून घ्यावेत.